आवसेचं दूध

सुप्याच्या पुढं डांबरी रस्ता सोडून माळानं तीन मैल चाललं की बिरोबाची वस्ती लागते. बावीस घरं, चार बाभळी, एक हातपंप आणि मधोमध बिरोबाचं दगडी देऊळ. देवळाच्या बाहेरच्या भिंतीला तेव्हा एक काळा फळा ठोकलेला होता. त्र्याण्णव साली साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा तो आला. सहा महिन्यांनी वर्ग बंद पडले, कंदील परत गेला, पाट्या कुणाकुणाच्या घरात गेल्या. फळा तेवढा राहिला, कारण तो वस्तीतल्या बापूसाहेबानं गाडीच्या चाकाचे खिळे मारून ठोकला होता आणि ते खिळे त्याच्याच्यानं निघेनात.

त्या वर्गात म्हाळसा सत्ताविसाव्या वर्षी लिहायला शिकली. पहिल्यांदा स्वतःचं नाव, मग नवऱ्याचं. नवऱ्याचं नाव मल्हार. म्हाळसा आणि मल्हार एकाच घरात म्हणून बायका थट्टा करायच्या. शेजारची गोजरबाई म्हणायची, "जोडी देवानंच लावलीया, पर देवाला दोन बायका हुत्या गं. तुझ्यावाल्याला एक झेपंना." मल्हारनं मेंढरं विकली होती. इंदापूरच्या अंगाला त्याच्या बहिणीच्या सासरी, फुलाबाईकडं, डाळिंबाच्या बागेत तो राबायचा आणि महिन्याकाठी दोन दिवस घरी यायचा. वस्तीवर म्हाळसा, तिचा सासरा गेणबा आणि मुलगी छकुली.

वर्ग संपल्यावर म्हाळसाला चैन पडेना. शिकलेली अक्षरं न वापरता तशीच पडून राहिली तर विरजणासारखी आंबतील असं तिला वाटायचं. मग एके दिवशी सकाळी देवाला पाणी घालून झाल्यावर तिनं खडू उचलला आणि फळ्यावर वार, तारीख आणि तिथी लिहिली. खाली लिहिलं, 'गोजरबाईची म्हैस व्याली. रेडी झाली.' दिवसभर येणारा-जाणारा थांबून बघू लागला. ज्याला वाचता येत नव्हतं त्याला छकुली वाचून दाखवायची. गोजरबाईनं तर तीन वेळा ऐकलं. आपली म्हैस फळ्यावर गेली, हा आनंद कुठं ठेवावा तेच तिला कळेना.

तेव्हापासून रोज सकाळी फळा. डोस पाजायला नर्सबाई कधी येणार, एसटी फाट्यावर थांबेल की सरळ निघून जाईल, रेशनला तेल आलं का, दहावीला कुणाचा नंबर लागला. चौथीच्या गुरुजींकडून दरवर्षी एक कॅलेंडर मिळायचं, त्यावरून ती तिथी उतरवायची. वस्तीवर दुसरं कॅलेंडर बापूसाहेबाच्या घरी होतं, पण ते चार वर्षांपूर्वीचं. त्यावरचं लक्ष्मीचं चित्र चांगलं म्हणून काढलं नव्हतं. मधूनमधून गुरुजींच्या जुन्या पेपरातल्या मोठ्या बातम्याही ती लिहायची. 'बारामतीला नवीन कंपनी सुरू. तीनशे लोकांस काम.' एकदा असं लिहिलं तेव्हा बापूसाहेब बराच वेळ फळ्यापुढं उभा राहिला.

"तीनशे म्हंजी लय झालं," तो म्हणाला. "आपल्यातलं किती?"

"ते न्हाय लिवलं पेपरात," म्हाळसा म्हणाली.

"न्हाय लिवलं म्हंजी न्हायच."

कालव्याखालची गावं कशी फुलली होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. सोमेश्वरनगरला साखर कारखान्याची चिमणी धूर ओकायची, उसाच्या गाड्यांची रीघ लागायची. या माळावर मात्र कुसळं आणि हरणं. पण चार-सहा वर्षांत घरटी एक-दोन गाया, म्हशी झाल्या होत्या. दूध व्हायचं. न्यायला कुणी नव्हतं. सायकलवाला गवळी आला तर आला, नाहीतर खवा करायचा.

या वस्तीची एक रीत होती. आवसेला, म्हणजे अमावस्येला, दूध विकायचं नाही. मेंढरं होती तेव्हापासूनची रीत. त्या दिवशीचं सगळं दूध बिरोबाच्या दारी यायचं, मोठ्या पातेल्यात शेवयांची खीर व्हायची, आधी देवाला निवद, मग पोरांच्या ताटलीत. कासेला नजर लागू नये, धार आटू नये म्हणून देवाला दिलेला तो शब्द होता. आभाळ स्वच्छ असलं की म्हातारी माणसं पहाटेच्या चंद्राची कोर बघून आवस ओळखायची. पण फळा लागल्यापासून त्यांनीही वर बघायचं सोडलं. "म्हाळसानं काय लिवलंय?" एवढं विचारलं की झालं. कधी तिथी दोन दिवसांवर पसरली की म्हाळसा म्हणेल तो दिवस धरायचा. ती कधी चुकली नव्हती.

सत्त्याण्णव साली छकुली सातवीत पहिली आली. वस्तीवर शाळा चौथीपर्यंत. पुढचे तीन वर्ग तिनं शेजारच्या वाडीत चालत जाऊन काढले, पण आठवीला सुपे गाठावं लागणार होतं. जाऊन-येऊन आठ-नऊ मैल, मधे अभयारण्याचा माळ, लांडग्यांची भीती, आणि लांडग्यांपेक्षा माणसांची. मल्हार आला तेव्हा म्हणाला, "झाली तेवढी साळा बास की. फुलाक्का म्हणतीया, हिकडं लावून द्या पोरीला. बागेला माणूस लागतंय."

म्हाळसा चुलीपुढून उठली नाही. "जुलैअखेर नाव घ्यायला तयार हायेत हेडमास्तर. तवर थांबा."

थांबायला कारण होतं. बारामतीकडच्या एका डेअरीचा माणूस मागल्या आठवड्यात मोटारसायकलवर येऊन गेला होता. आप्पासाहेब त्याचं नाव. त्यानं देवळापुढं सगळ्यांना बसवून सांगितलं होतं, "सात दिवस माप घेऊ. शनिवारी सुरू, पुढच्या शुक्रवारी बंद. रोजचं सरासरी शंभर लिटर पडलं तर हितं संकलन केंद्र. केंद्र झालं की सकाळ-संध्याकाळ आमची गाडी येईल."

"गाडी सुप्याला जाणार?" म्हाळसानं मागून विचारलं होतं.

"सुप्यावरनंच. का हो ताई?"

"पोरीला साळंत सोडंल का?"

आप्पासाहेब हसला होता. "ड्रायव्हरशेजारी बसंल की. दुधापरीस जड हाय काय?"

तेवढ्यावर म्हाळसानं सगळं मांडलं होतं.

शनिवारी माप सुरू झालं. डेअरीचे तीन कॅन देवळाच्या ओट्यावर. आप्पासाहेबाच्या माणसानं दूध मोजायचं, कॅन भरायचे आणि बापूसाहेबाच्या बैलगाडीतून फाट्यावर न्यायचे, तिथून डेअरीची जीप घेऊन जायची. म्हाळसा रोजचा आकडा फळ्यावर लिहायची. शनिवारी एकशे तीन. रविवारी एकशे सहा. सोमवारी एकशे एक. मंगळवारी वारा सुटला, जनावरं बिथरली, अठ्ठ्याण्णव झालं तेव्हा गोजरबाईनं पोरांच्या वाट्याचं तांब्याभर दूध आणून ओतायला काढलं होतं, पण आप्पासाहेबाचा माणूस म्हणाला, माप बंद झालं. बुधवारी पुन्हा एकशे चार. वस्तीवर कधी नव्हे ती गडबड होती. कुणी देवळापुढचा उकिरडा हलवला. बापूसाहेब गाडी हाकताना शीळ घालू लागला, तेव्हा गेणबा म्हणाला, "बैलं बुजतील की रं."

बुधवारी संध्याकाळी छकुली अंगणातल्या शहाबादी फरशीवर खडूनं गणित मांडून बसली.

"आई, पाच दिवसांचं पाचशे बारा झालं. उद्या शंभर धरलं तर सहाशे बारा."

"मग झालं की."

"कुठं झालं. शुक्रवारी आवस हाय. शून्य येणार. सातानं भागलं तर सत्त्याऐंशी." तिनं सत्त्याऐंशीखाली दोन रेघा ओढल्या, शाळेत उत्तराखाली ओढतात तशा. मग फरशी ओल्या फडक्यानं पुसून ती जनावरांना पाणी पाजायला गेली.

म्हाळसा खुंटीवरचं कॅलेंडर काढून बघत बसली. शुक्रवारच्या चौकोनात काळा गोळा होता. अमावस्या गुरुवारी रात्री लागत होती आणि शुक्रवारच्या मध्यरात्री संपत होती. शनिवारपर्यंत पसरली असती तर रस्ता होता. ही शुक्रवारातच संपत होती. आप्पासाहेबाला विचारावं, एक दिवस पुढं-मागं करा म्हणावं, असं तिच्या मनात आलं. पण आप्पासाहेब बारामतीला, फोन सुप्यात. आणि विचारल्यावर नाही म्हणाला तर? वस्तीला विनवावं, तर गेणबाच पहिला उठून जाईल. आभाळ आठ दिवस भरलेलं होतं, पाऊस नाही आणि चंद्रही नाही.

गुरुवारी सकाळी तिनं आंघोळ केली, देवाला पाणी घातलं, हळद वाहिली. रोज ती बिरोबाकडं तोंड करून मनातल्या मनात दोन शब्द बोलायची. त्या दिवशी बोलली नाही. बाहेर येऊन पदर डोक्यावर ओढला आणि फळ्यावर लिहिलं, 'आवस शनिवारी. शुक्रवारी दूध नेहमीप्रमाणे.'

मागं छकुली उभी होती. तिनं फळा वाचला. पुन्हा वाचला.

"आई, आवस तर..."

"माझं लिवून झालंय. खडू ठीव आत."

छकुलीनं खडू आत नेऊन ठेवला.

थोड्या वेळानं गोजरबाई आली. "शनवारी का गं? मला वाटलं उद्या. माझं गुडघं उद्याचंच सांगत्यात."

"शनवारी हाय आत्याबाई."

"फळ्यानं सांगितलं म्हंजी माझं गुडघं खोटं," असं म्हणून गोजरबाई हसत गेली.

गुरुवारी बरोबर शंभर आणि शुक्रवारी एकशे दोन लिटर दूध झालं. सात दिवसांची सरासरीही एकशे दोन. आप्पासाहेबानं कागदावर सह्या घेतल्या, गेणबाचा अंगठा घेतला आणि कळवतो म्हणाला. शनिवारी वस्तीवर खीर झाली. या वेळी आनंदाची म्हणून वेलदोडे जास्त घातले. म्हाळसानं निवदाचं ताट देवाकडं न बघताच ठेवलं, तेव्हा खीर पायरीवर सांडली. पोरांना वाढायला तीच उभी राहिली. स्वतःच्या ताटलीतली खीर तिनं नंतर मांजरीपुढं ठेवली.

रविवारी गेणबा पेंड आणायला सुप्याला गेला. दुकानात सहज म्हणाला, काल आवस होती म्हणून आलो नाही. दुकानदार म्हणाला, "काल कुठली आबा? परवाच झाली, शुक्रवारी." आणि कॅलेंडरावर बोट ठेवून दाखवलं. गेणबाला वाचता येत नव्हतं, पण काळा गोळा कळत होता.

तो परत आला तेव्हा देवळापुढं दुसरीच गर्दी होती. गोजरबाईच्या म्हशीची कास सकाळपासून सुजली होती, हाताला दगडासारखी टणक लागत होती. दगडीच म्हणतात त्या रोगाला. धारेत दुधाऐवजी गाठी आणि रक्त येत होतं. गोजरबाई ओट्यावर डोकं धरून बसली होती, बायका तिच्याभोवती. गेणबानं पेंडीचं पोतं खाली ठेवलं आणि सगळ्यांसमोर सुनेला विचारलं.

"सूनबाई, आवस शुकरवारी हुती म्हणत्यात. तुज्याकडनं चुकून लिवलं गेलं न्हवं?"

त्यानं तिच्यासाठी दार उघडं ठेवलं होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. चूक कुणाचीही होते, देवाला नारळ फोडून मिटलं असतं. म्हाळसानं फळ्याकडं पाहिलं, मग आत बिरोबाकडं. त्याच्यापुढं उभं राहून दुसऱ्यांदा खोटं बोलायचं तिला जमेना.

"चूक न्हाय आबा. मी मुद्दाम लिवलं."

हातपंपावर कुणीतरी पाणी हापसत होतं, ते थांबलं.

"का?" गेणबानं विचारलं.

"शंभर भरत नव्हतं."

गोजरबाईनं डोक्यावरचा हात काढला. तिचा आवाज चढला नाही. "तुज्या पोरीला गाडीत बसवायला माजी म्हस घालवलीस व्हय गं म्हाळसा."

दगडी जनावराला कुठंही, कधीही होते, हे जनावराच्या डॉक्टरनं येऊन सांगितलं. दुसऱ्या वस्तीवर दोन म्हशींना झाली होती, तिथं कुणी आवस मोडली नव्हती. देव तांब्याभर दुधावरून राग धरत नाही, हेही म्हाळसाला कळत होतं. पण आपण शब्द मोडतोय हे ज्यांना माहीतच नव्हतं त्यांच्याकडून तो मोडवला, हे तिच्या मनातून जाईना. गोजरबाईच्या म्हशीचे दोन सड कायमचे गेले. त्या दिवसापासून गोजरबाईनं तिच्या दारातून जायचं सोडलं, मागल्या वाटेनं जाऊ लागली.

जुलै संपला. हेडमास्तरांनी आणखी पंधरा दिवस वाट बघतो म्हणून निरोप दिला. चौदा ऑगस्टला आप्पासाहेब आला. मोटारसायकल देवळापुढं लावली, पाणी मागितलं. पाणी म्हाळसानंच दिलं. तांब्या परत देताना तो म्हणाला, "ताई, केंद्र कालव्याकडच्या गावाला गेलं. साहेबांनी जागा बघितली, म्हणाले गाडीला रस्ता न्हाय. सहा चाकी गाडी या माळानं कशी आणणार?"

बापूसाहेब पुढं झाला. "अवो, तुमी गाडी लावा, मग आमी रस्ता मागतो. पंचायत म्हणतीया, वाहतूक नसंल तर रस्ता कशापायी."

"आन् साहेब म्हणत्यात रस्ता नसंल तर वाहतूक कशी," आप्पासाहेब म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. उन्हातान्हात तेवढं सांगायला चौदा मैल आला होता.

"पर दूध तर भरलं हुतं," म्हाळसा म्हणाली. "सरासरी एकशे दोन."

"दुधाचा सवालच न्हवता. कागद चोख होता तुमचा. उलट साहेब म्हणाले, ह्या लोकांनी आवसेलाबी दूध दिलं, आश्चर्य हाय."

"म्हंजी?"

"या भागात धनगरवाड्यांवर आवसेला दूध येत न्हाय, ते आमाला ठाऊक हाय की. आवस आली की तो दिवस आमी धरतच न्हाय, सहा दिवसांचीच सरासरी काढतो. सांगायचं राहिलं व्हय माजं? मला वाटलं, तुमाला ठाऊकच आसंल."

त्यानं मोटारसायकल सुरू केली. धुरळा खाली बसेपर्यंत सगळे तिथंच उभे होते. मग एकेक करून माणसं घरी गेली. छकुली देवळाच्या पायरीवर बसली होती. म्हाळसानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा तिनं डोकं हळूच बाजूला घेतलं, रागानं नव्हे, पोरगी दमली होती म्हणून.

"सहाशे बाराला सहानं भागलं की एकशे दोन," छकुली म्हणाली. "तेवढंच येतंय."

त्या महिन्यात मल्हार आला आणि छकुलीला इंदापूरला घेऊन गेला. फुलाबाईच्या सासरी डाळिंबांची प्रतवारी करून ती खोक्यात भरायचं काम होतं. पोरीचा हात चलाख. जाताना तिनं दप्तरातली वह्यापुस्तकं आईच्या पेटीत ठेवली, कोऱ्या राहिलेल्या वह्यासुद्धा.

म्हाळसानं फळा सोडला नाही. रोज सकाळी आंघोळ, देवाला पाणी, मग वार, तारीख, तिथी. पण आता फळ्यापुढं कुणी थांबत नसे. आवस जवळ आली की गेणबा पहाटे उठून अंगणात जायचा आणि आभाळात कोर शोधायचा. ढग असले की वस्तीतला एकजण सुप्याला दुकानात कॅलेंडर बघून यायचा, तीन मैल चालून आणि पुढं एसटीनं. फळ्यावर आवसेचा दिवस बरोबर लिहिलेला असायचा. तो बरोबर होता हे दुकानातून आल्यावर कळायचं. खवा पुन्हा भट्टीवर चढला. दोन घरं जनावरं विकून बारामतीला कंपनीच्या झाडलोटीला गेली. त्यांच्या जाण्याची बातमीही म्हाळसानं लिहिली, पण कुठल्या कंपनीत ते तिला कुणी सांगितलं नाही, म्हणून तेवढी जागा कोरी ठेवली.

दोन वर्षांनी वैशाखात छकुलीचं लग्न ठरलं. स्थळ इंदापूरकडचंच, फुलाबाईनं आणलेलं, कालव्याचं पाणी असलेलं. पोरगी पंधरा वर्षांची. म्हाळसानं एकदाच म्हणून बघितलं, "आजून दोन वरसं थांबता आलं तर." मल्हार म्हणाला, "कशासाठी थांबायचं ते सांग."

लग्न मुलीच्या घरी, म्हणजे वस्तीवरच व्हायचं होतं. छकुली घरी आली, आणि हळद लागायच्या आधी चार दिवस म्हाळसानं फळा ओल्या फडक्यानं दोनदा पुसला आणि ठळक अक्षरांत लिहिलं, 'चि. सौ. कां. छकुली हिचा विवाह येत्या रविवारी, दुपारी बारा वाजता, बिरोबाच्या मांडवात. सर्वांनी यावे.' खडूचा शेवटचा तुकडा होता तो, बोटांत धरता येईना इतका बारीक.

दुपारी गोजरबाई आली. दोन वर्षांत पहिल्यांदा पुढल्या दारानं. हातात पदराखाली झाकलेलं ताट होतं, त्यात छकुलीसाठी हिरव्या बांगड्या आणि खण. ताट तिनं म्हाळसाच्या हातात दिलं. डोळे पुसले. पोरीला म्हशीचं शेण काढायला जड जात नाही ना तिकडं, म्हणून विचारलं.

मग उठताना म्हणाली, "लगीन आइतवारीच न्हवं?"

"व्हय आत्याबाई. आइतवारी, बाराला. फळ्यावर लिवलंय."

"व्हय व्हय, बघितलं मी, छकुलीनं वाचून दावलं." गोजरबाई दारात क्षणभर घुटमळली. मग खाली उतरून अंगण ओलांडून गेली. बाभळीखाली गेणबा दोर वळत बसला होता. तिथं ती वाकली आणि आवाज बारीक करून म्हणाली, तरी म्हाळसाला ऐकू आलं.

"गेणाभाऊ, पोरीचं लगीन कंच्या वारी हाय?"

गेणबानं दोर वळायचा थांबवला नाही.

"आइतवारी," तो म्हणाला.

"मग ठीक," म्हणून गोजरबाई घरी गेली. म्हाळसानं बांगड्यांचं ताट देव्हाऱ्यापुढं ठेवलं आणि त्यावर दोन दाणे अक्षता टाकल्या.